टेक्सासमधील ऐतिहासिक काउंटी कोर्टहाउस: भेट आणि छायाचित्रण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो येथे स्थायिक झालेले मराठी वाचक, तसेच त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी राहायला येणारे आईवडील आणि नातेवाईक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्या मुद्द्याचे उत्तर आधीच आले आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काउंटी कोर्टहाउस म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयासारखेच का?

अंशतः तसेच. खटले तेथे चालतात. परंतु त्याच इमारतीत काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या राज्याच्या विभागाचा, कारभारही चालतो किंवा पूर्वी चालत असे. विवाहाचा परवाना, जमिनीच्या खरेदीखताची नोंद, मालमत्ता कर आणि मतदार नोंदणी ही कामे काउंटीची असतात. आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालय, दुय्यम निबंधकाचे कार्यालय आणि न्यायालय यांत विभागलेली कामे तेथे एका छपराखाली होत. ‘काउंटी जज’ हे पदही फसवे आहे, कारण ही निवडून आलेली व्यक्ती प्रामुख्याने काउंटीच्या कारभाराची प्रमुख असते. गंभीर फौजदारी खटले डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशांपुढे चालतात. टेक्सासमध्ये लग्न नोंदवलेल्या किंवा नागरिकत्व मिळाल्यावर ज्यूरीसाठी बोलावणे आलेल्या मराठी माणसाचा या व्यवस्थेशी संबंध आलेलाच असतो, मात्र मोठ्या शहरांत तो बहुधा नव्या, काचेच्या इमारतीत येतो.

२. अमेरिकेत सगळीकडे कोर्टहाउस आहेत. मग टेक्सासच का?

संख्या आणि वैविध्य या दोन्हींमुळे. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, इतक्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. १८८१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने काउंट्यांना कोर्टहाउस बांधण्यासाठी कर्जरोखे काढण्याची मुभा दिली आणि त्याच सुमारास रेल्वेमार्ग झपाट्याने पसरत होते. पैसा मिळाला आणि दूरच्या खाणीतला दगड वाघिणीतून आणणेही शक्य झाले. त्यातच काउंटीचे मुख्य गाव कोणते असावे यावरून शेजारच्या गावांत चुरस असे, आणि एकदा भव्य दगडी कोर्टहाउस उभे राहिले की ते मुख्यालय हलवण्याची भाषा कोणी सहजासहजी करत नसे. तीन-चार हजार वस्तीच्या गावात राजवाड्यासारखी इमारत कशासाठी, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या चुरशीत आहे. लिंडन येथील कॅस काउंटीच्या १८६१ च्या कोर्टहाउसपासून १९३० च्या दशकातील साध्या, सरळ रेषांच्या इमारतींपर्यंत सर्व टप्पे तेथे पाहता येतात.

३. आत जाण्यासाठी तिकीट, पूर्वपरवानगी किंवा ओळखपत्र लागते का?

तिकीट नसते आणि कामाच्या वेळेत सार्वजनिक भागात जाण्यासाठी पूर्वपरवानगीही सहसा लागत नाही. प्रवेशद्वारावर अनेक ठिकाणी विमानतळासारखी तपासणी होते. शस्त्र तर चालत नाहीच, पण किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू, कात्री किंवा ट्रायपॉडचे स्क्रू फिरवायचे बहुउपयोगी अवजारही अडवले जाते. ते मोटारीतच ठेवावे. ओळखपत्र मागतीलच असे नाही. तथापि अठरा वर्षांवरील परकीय नागरिकांनी आपली नोंदणीची कागदपत्रे जवळ बाळगणे अमेरिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे भेटीला आलेल्या आईवडिलांचे पासपोर्ट घरी कपाटात ठेवून प्रवासाला निघू नये. काही कोर्टहाउसमध्ये मोबाइल किंवा कॅमेरा आत नेण्यावरच बंदी असते. असा आदेश दारावर लावलेला असतो आणि तो प्रत्येक काउंटीत वेगळा असू शकतो.

४. कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी जावे?

येथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. बाहेरून छायाचित्र काढायचे तर रविवार उत्तम, कारण चौकातील मोटारी कमी असतात. आत जायचे तर सोमवार ते शुक्रवार, साधारणपणे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच हीच वेळ. छोट्या काउंटीत दुपारी बारा ते एक कार्यालये बंद असू शकतात. बहुतेक लोक शनिवारी जातात आणि त्यामुळे बंद दाराचे फोटो घेऊन परततात. आमच्या मते रविवारी दुपारी पोहोचावे, मावळतीचा प्रकाश घ्यावा, गावातच मुक्काम करावा आणि सोमवारी सकाळी दार उघडताच आत जावे. एक दिवस रजा खर्च होते हे खरे; पण लोकांची ये-जा चालू असलेले कोर्टहाउस पाहिल्याशिवाय त्या जिन्याची रुंदी, त्या दालनांची मांडणी आणि खतांच्या वह्यांसाठी केलेल्या लोखंडी दारांच्या तिजोरीखोल्या यांचा उलगडा होत नाही. रिकामी इमारत सुंदर दिसते, एवढेच.

५. पहिल्यांदाच जात आहोत. सुरुवात कोठून करावी?

ऑस्टिनहून निघणाऱ्यांसाठी महामार्ग १८३ हा सर्वांत समृद्ध रस्ता आहे. दक्षिणेकडे जाताना लॉकहार्ट, गोन्झालेस, क्वेरो आणि गोलियाड ही चार मुख्यालये एकाच रस्त्यावर लागतात आणि चारही कोर्टहाउस १८९० च्या दशकातील आहेत. लॉकहार्ट बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर घ्यावा. डॅलसकरांनी दक्षिणेला वॉक्सहॅची आणि पुढे हिल्सबरो घ्यावे, किंवा डेंटन, डिकेटर, वेदरफर्ड आणि ग्रॅनबरी असा पश्चिमेकडील अर्धवर्तुळाकार मार्ग धरावा. ह्यूस्टनहून व्हार्टन, हॅलेट्सव्हिल आणि ला ग्रेंज हा फेरा सोयीचा आहे. सॅन अँटोनियोत तर बेअर काउंटीचे १८९६ चे लाल वालुकाश्माचे कोर्टहाउस शहराच्या मध्यभागीच, मेन प्लाझाला लागून आहे. पश्चिम टेक्सासमधील मार्फा मोहात पाडते, पण ते अतिशय दूर आहे. पहिल्या सहलीसाठी ते नको.

एका दिवसात सहा-सात कोर्टहाउस ‘उरकण्याचे’ बेत आम्हाला अनेक जण कळवतात. तीन पुरेत.

६. वास्तुशैलीतले काही कळत नाही. इमारत कोणत्या शैलीची हे ओळखायचे कसे?

छप्पर आणि कमानी एवढ्या दोनच गोष्टी आधी पाहाव्यात.

छताची खालची बाजू जवळजवळ भिंतीसारखी उभट, वरची जवळपास सपाट आणि त्या उभट भागात खिडक्या असतील, तर ती ‘सेकंड एम्पायर’ ही फ्रेंच वळणाची शैली होय. लॉकहार्ट, गोलियाड, ग्रॅनबरी आणि हिल्सबरो येथील कोर्टहाउस याच धाटणीची आहेत. वेस्ली क्लार्क डॉडसन आणि आल्फ्रेड जाइल्स या दोन वास्तुविशारदांची नावे या शैलीच्या संदर्भात वारंवार वाचायला मिळतील.

रुंद अर्धवर्तुळाकार कमानी, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या दगडांच्या जाड भिंती, आखूड आणि जाडजूड खांब, कोपऱ्यांत गोल बुरूज असे दिसले तर ती ‘रोमनेस्क रिव्हायव्हल’ शैली समजावी. तिचा मूळ आदर्श टेक्सासबाहेरचा आहे. हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी पिट्सबर्ग येथे अ‍ॅलेगेनी काउंटीचे कोर्टहाउस आखले. १८८६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर देशभरातील काउंट्यांना तसेच काही तरी हवेसे वाटू लागले. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ ची इमारत ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांना फरक चटकन कळेल: तेथील कमानी गॉथिक पद्धतीने वर टोकदार होतात, रोमनेस्क कमान मात्र पूर्ण गोल वळते.

१९०० नंतर उंच स्तंभ, त्रिकोणी ललाटपट्टी आणि मध्यभागी घुमट अशी अभिजात ग्रीक-रोमन वळणाची पद्धत रूढ झाली. जॉर्जटाउन येथील विल्यमसन काउंटीचे १९११ चे कोर्टहाउस हे त्याचे ऑस्टिनजवळचे उदाहरण. १९३० च्या दशकात मनोरे आणि घुमट जाऊन सपाट छपरांच्या ठोकळेबाज इमारती आल्या. त्या फारशा कोणी पाहत नाही, आणि त्यांच्यावर हा अन्यायच आहे. दारावरचे धातुकाम आणि भिंतीत कोरलेली उठावचित्रे तेथे बारकाईने पाहावीत.

७. जेम्स रायली गॉर्डन हे नाव प्रत्येक माहितीफलकावर कसे दिसते?

कारण त्यांनी टेक्सासमध्ये १८ कोर्टहाउस आखली आणि त्यांतील १२ अजून उभी आहेत. ला ग्रेंज, व्हिक्टोरिया, गोन्झालेस, सल्फर स्प्रिंग्ज, वॉक्सहॅची, डिकेटर, न्यू ब्रॉनफेल्स, गिडिंग्ज ही त्यांपैकी काही. सॅन अँटोनियोचे बेअर काउंटी कोर्टहाउसही त्यांचेच. १८६३ मध्ये व्हर्जिनियात जन्मलेले गॉर्डन पुढे न्यूयॉर्कला गेले आणि १९३७ मध्ये निवर्तले. अ‍ॅरिझोनाचे जुने विधानभवनही त्यांचेच काम आहे.

त्यांची खरी करामत बाहेरच्या कमानींपेक्षा आतल्या हवेत आहे. टेक्सासचा उन्हाळा वातानुकूलनाशिवाय काढायचा होता. गॉर्डन यांनी इमारतीचा आराखडा अधिकचिन्हासारखा केला, चार भुजांमधल्या आतल्या कोपऱ्यांत सावलीचे प्रवेशमंडप ठेवले आणि मधोमध, मनोऱ्याखाली, तळापासून वरपर्यंत मोकळा चौक सोडला. जिना त्या चौकाभोवती फिरत वर जातो. तापलेली हवा मनोऱ्याकडे चढते, तेथील झरोक्यांतून बाहेर पडते आणि तिच्या जागी मंडपांतील थंड हवा आत ओढली जाते. म्हणजे लांबून केवळ दिमाखासाठी बांधलेला वाटणारा मनोरा प्रत्यक्षात धुराड्याचे काम करतो. पुढे वातानुकूलन आल्यावर हे मोकळे चौक कित्येक ठिकाणी फळ्या टाकून, लिफ्ट बसवून बुजवले गेले. जीर्णोद्धारात तो चौक जेथे पुन्हा मोकळा केला आहे तेथे मधोमध उभे राहून वर पाहावे. गॉर्डन यांच्या कोर्टहाउसमध्ये पहिले छायाचित्र तेथूनच घ्यावे असा आमचा आग्रह असतो.

८. लॉकहार्ट आणि गोलियाडची कोर्टहाउस हुबेहूब सारखी दिसतात. फोटोंची अदलाबदल झाली आहे का?

नाही. दोन्ही १८९४ ची आहेत आणि जवळजवळ एकाच आराखड्यावर उभी आहेत. वॉक्सहॅची आणि डिकेटर ही अशीच दुसरी जोडी आहे. त्या काळी एकदा मंजूर झालेला आराखडा थोड्या फेरफाराने दुसऱ्या काउंटीला विकणे वास्तुविशारदाला परवडत असे आणि काउंटीच्या आयुक्तांनाही ‘शेजाऱ्यांकडे आहे तसेच, पण थोडे मोठे’ हवे असे. छायाचित्रांच्या नोंदीत गावाचे आणि काउंटीचे अशी दोन्ही नावे लिहिण्याची सवय लावून घेतल्यास नंतर गोंधळ होत नाही. लॉकहार्ट हे गाव कॉल्डवेल काउंटीत आहे आणि डिकेटर वाइज काउंटीत. केवळ एकच नाव लिहिले तर वर्षभराने आपल्यालाच उमगत नाही.

९. मनोरा फारच नवा दिसतो. तो मूळचा आहे की नंतर बसवलेला?

बहुधा शंका रास्त असते. विसाव्या शतकात अनेक मनोरे वादळाने, गळतीने किंवा डागडुजीचा खर्च नको म्हणून उतरवले गेले. डॅलसच्या १८९२ च्या जुन्या लाल कोर्टहाउसचा घड्याळी मनोरा १९१९ मध्ये काढला गेला आणि एकविसाव्या शतकात पुन्हा उभारला गेला. गोलियाडचा मनोरा १९४२ च्या चक्रीवादळानंतर नाहीसा झाला आणि २००३ च्या जीर्णोद्धारात परत आला. व्हार्टनची गोष्ट आणखी विलक्षण आहे: १८८९ ची ती विटांची नक्षीदार इमारत १९३५ मध्ये गिलाव्याखाली झाकून ‘आधुनिक’ करण्यात आली होती आणि तो सगळा थर उतरवून तिला मूळ रूप देण्यात आले.

यामागे राज्याची योजना आहे. १९९८ मध्ये नॅशनल ट्रस्ट या राष्ट्रीय वारसा संस्थेने टेक्सासच्या कोर्टहाउसना देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत घातले. त्यानंतर १९९९ मध्ये टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनकडून काउंट्यांना जीर्णोद्धारासाठी अनुदान मिळू लागले. खर्चाचा काही वाटा काउंटीने उचलायचा असतो. ऑल्बनी येथील शॅकलफर्ड काउंटीचे १८८३ चे कोर्टहाउस या योजनेत सर्वप्रथम पूर्ण झाले, आणि आजवर सत्तरहून अधिक इमारतींचे काम झाले आहे. ऐतिहासिक कोर्टहाउस पाडण्यापूर्वी किंवा त्यात मोठा बदल करण्यापूर्वी काउंटीने कमिशनला सहा महिने आधी सूचना देणेही कायद्याने आवश्यक आहे.

पुन्हा उभारलेला मनोरा ‘खोटा’ मानावा का, असेही काही वाचक विचारतात. जुनी छायाचित्रे आणि आराखडे यांच्या आधारे उभारलेल्या मनोऱ्याला खोटा म्हणू नये, पण छायाचित्राखाली त्याचे साल अवश्य लिहावे.

१०. वॉक्सहॅचीच्या दगडी चेहऱ्यांमागची प्रेमकथा खरी आहे का?

कथा अशी सांगतात की, एक कारागीर घरमालकिणीच्या मुलीच्या प्रेमात पडला, त्याने खांबांच्या माथ्यावर तिचा सुंदर चेहरा कोरला आणि तिने नकार देताच पुढचे चेहरे अधिकाधिक कुरूप करत नेले. चेहरे खरोखरच आहेत, आणि काही सुंदर तर काही भेसूर आहेत. कथेला मात्र कागदोपत्री आधार नाही. दगडकाम डॅलसच्या एका कंत्राटदाराकडे होते आणि सुंदर-विद्रूप मुखवटे एकत्र कोरणे ही रोमनेस्क शैलीची नेहमीचीच पद्धत होती. मार्फाच्या घुमटावरील न्यायदेवतेचा तराजू कोणा काउबॉयने गोळी झाडून पाडला, ही दंतकथाही त्याच पंगतीतली. ऐकायला बऱ्या आहेत. चेहरे टिपण्यासाठी २०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स न्यावी, आणि प्रकाश बाजूने येत असताना काढावेत. डोक्यावरच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसते.

११. मनोरा नेहमी मागे कललेला येतो. सरळ कसा टिपावा?

उंच मनोरा चौकटीत बसवण्यासाठी आपण कॅमेरा वर उचलतो आणि त्याच क्षणी उभ्या रेषा आत झुकतात. उपाय तीन आहेत. पहिला, मागे सरकणे: कॅमेरा सरळ धरावा, रुंद कोनाची लेन्स वापरावी आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाकावा. दुसरा, उंच जागा शोधणे. चौकाभोवतीच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर चहा-कॉफीची जागा असेल तर विचारून पाहण्यात गैर नाही. तिसरा, शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता वर सरकवता येणारी लेन्स) वापरणे किंवा संगणकावर रेषा सरळ करणे. संगणकावर करायचे असल्यास छायाचित्रात चारी बाजूंना मोकळी जागा ठेवावी, नाहीतर कळसच कापला जातो.

कोठे उभे राहावे हे चौकाच्या आखणीवर अवलंबून असते. टेक्सासमध्ये बहुतेक ठिकाणी कोर्टहाउस एका पूर्ण चौकोनी भूखंडावर असते आणि रस्ते त्याच्या चारही कडांवरून निघून जातात; डेंटन आणि लॉकहार्ट असेच आहेत. अशा गावात रस्त्याच्या मधोमध दिसणारा मनोरा शोधून सापडत नाही, तो नेहमी थोडा बाजूलाच दिसतो. तेथे चौकाचा तिरपा कोपरा धरावा, दोन दर्शनी बाजू एकत्र मिळतात. काही गावांत मात्र रस्ता चौकाच्या मध्यावर येऊन थांबतो. तेथे दोन-तीन गल्ल्या मागे जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावली की दुकानांच्या रांगांमधून मनोरा समोर उभा राहतो.

प्रकाशाविषयी एवढेच की, कोर्टहाउसला सहसा चार दर्शनी बाजू असल्यामुळे दिवसाच्या कोणत्याही वेळी एखादी बाजू उजळलेली असते. अपवाद उत्तरेच्या बाजूचा. हिवाळ्यात तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. तिचे काम ढगाळ दिवशी किंवा सूर्यास्तानंतर आकाश निळे असताना करावे. लाल वालुकाश्म सकाळ-संध्याकाळी अतिशय गडद होतो, तेव्हा कॅमेऱ्याचे रंग आपोआप ठरवू देऊ नयेत.

१२. झाडे आड येतात. वर्षातील कोणता काळ चांगला?

पिकॅनच्या झाडाची पाने हिवाळ्यात गळतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. लाइव्ह ओक हा वृक्ष मात्र हिवाळाभर हिरवाच राहतो, त्याला इलाज नाही. मार्चअखेर ते एप्रिल या काळात ब्लूबॉनेटची निळी फुले बहरतात. वॉक्सहॅचीजवळचे एनिस त्यासाठी प्रसिद्ध असल्याने दोन्ही एका सहलीत होतात. नाताळच्या काळात जॉन्सन सिटी येथील ब्लँको काउंटीचे कोर्टहाउस लाखाहून अधिक दिव्यांनी उजळते, आणि मार्शलमध्येही मोठी रोषणाई असते. त्या दिवसांत तारांमुळे दगडकाम दिवसा नीट दिसत नाही, हे लक्षात असावे.

१३. आत फोटो काढता येतात का?

मार्गिका, जिने, मधला चौक येथे बहुतेक ठिकाणी काढू देतात. दारावर तसा मनाई आदेश नसावा एवढेच (प्रश्न ३). तरीही आधी सुरक्षारक्षकाला, नंतर काउंटी क्लर्कच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात विचारावे. ‘इमारतीच्या वास्तुकलेत रस आहे’ असे सांगितले की बरेचदा एखादे कर्मचारी स्वतः उठून रिकामी कोर्टरूम उघडून दाखवतात. मुख्य कोर्टरूम जिन्याने वर असते. तेथील मोजणीने तो दुसरा मजला, आपल्या मोजणीने पहिला. ट्रायपॉडने वाट अडते, म्हणून तो टाळावा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून हातात धरूनच काढावे. खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्यांचा पिवळा असल्याने रॉ, म्हणजे रंग नंतर बदलता येतील अशा कच्च्या, स्वरूपात छायाचित्र घेणे शहाणपणाचे.

माणसे चौकटीत येऊ देऊ नयेत. साक्षीदार, पीडित, ज्यूरीचे सदस्य, लहान मुले आणि बेड्या घातलेले आरोपी यांच्यासाठी ते स्थळ पर्यटनाचे नसते.

कोर्टरूममध्ये पत्र्याचे ठसेदार छत, न्यायासनामागची लाकडी चौकट आणि वरचा सज्जा अवश्य पाहावा. सेंटर येथील शेल्बी काउंटीच्या १८८५ च्या विटांच्या कोर्टहाउसमध्ये न्यायासनामागे न्यायाधीशांना गुपचूप निसटता यावे म्हणून केलेली वाट आहे. सज्जाचा इतिहास मात्र सुखद नाही: दक्षिणेतील अनेक कोर्टहाउसमध्ये कृष्णवर्णीयांना केवळ तेथेच बसू दिले जाई.

१४. खटला चालू असेल तर आत बसता येते का? फोटो?

बसता येते, सुनावणी सामान्यतः सर्वांसाठी खुली असते. मोबाइल बंद ठेवावा आणि न्यायाधीश आले की उभे राहावे. छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय करू नये. रिकामी कोर्टरूम असेल तर प्रश्न १३ लागू. केंद्र सरकारची न्यायालये ही वेगळी बाब आहे: तेथे फौजदारी कामकाजाच्या वेळी छायाचित्रणाला केंद्रीय नियमांनुसारच मनाई आहे. इमारत काउंटीची की केंद्राची हे दारावरील नावावरून आधी पाहून घ्यावे.

१५. बाहेर पदपथावर उभे असताना पोलिसांनी हटकले तर?

शांतपणे काय करत आहोत ते सांगावे आणि काढलेली छायाचित्रे स्वेच्छेने दाखवावीत. बहुतेक वेळा विषय तेथेच संपतो. सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतीचे छायाचित्र काढणे हा गुन्हा नाही. फोर्ट वर्थ येथे पदपथावरून पोलीस ठाण्याचे चित्रीकरण करणाऱ्या व्यक्तीच्या प्रकरणात २०१७ मध्ये पाचव्या सर्किटच्या (टेक्सास ज्यात येते त्या केंद्रीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने पोलिसांचे चित्रीकरण करण्याचा हक्क मान्य केला, अर्थात वेळ, जागा आणि पद्धत यांच्या वाजवी मर्यादांसह. व्हिसावर आलेल्यांनी मात्र हक्काचा वाद रस्त्यावर घालू नये. कागदपत्रांविषयी प्रश्न ३ पाहावा.

१६. ड्रोन उडवता येईल का?

केवळ छंद म्हणून उडवणाऱ्यांनाही केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाची छोटी ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, २५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या ड्रोनची नोंदणी करावी लागते आणि ४०० फुटांची मर्यादा पाळावी लागते. छायाचित्रे विकायची असतील तर वेगळे प्रमाणपत्र लागते. डॅलस, फोर्ट वर्थ आणि सॅन अँटोनियो येथे विमानतळांमुळे हवाई हद्द नियंत्रित असते. याशिवाय गावाचे स्वतःचे नियम असू शकतात. कोर्टहाउसच्या आवारात कैद्यांची ने-आण होत असल्याने कामाच्या दिवशी तेथे ड्रोन उडवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१७. माझी छायाचित्रे मी विकू शकतो का? इमारतीवर कोणाचा स्वामित्वहक्क असतो का?

अमेरिकेच्या कायद्यानुसार सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतीचे छायाचित्र काढण्यास, छापण्यास आणि विकण्यास इमारतीच्या वास्तुविशारदाची परवानगी लागत नाही. शिवाय १ डिसेंबर १९९० पूर्वी बांधलेल्या इमारतींना वास्तुकृती म्हणून असे संरक्षणच नाही. खाच अशी की, ही सवलत इमारतींपुरती आहे. प्रांगणातील नव्या शिल्पावर किंवा भित्तिचित्रावर कलाकाराचा हक्क असू शकतो, आणि ते तुमच्या छायाचित्राचा मुख्य विषय असेल तर विक्रीपूर्वी परवानगी घ्यावी. आतील छायाचित्रांसाठी काउंटीने घातलेल्या अटीही पाळाव्या लागतात.

१८. हिरवळीवर बंदूकधारी सैनिकाचा पुतळा का असतो? तो छायाचित्रात घ्यावा का?

यांतील बरेच पुतळे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांचे आहेत आणि ते युद्धानंतर कित्येक दशकांनी, मुख्यतः विसाव्या शतकाच्या आरंभी उभारले गेले. न्यायाच्या दारात कोणाचे राज्य आहे हे सांगण्याचाच तो एक प्रकार होता. डेंटनचा पुतळा जून २०२० मध्ये हटवण्यात आला. इतरत्र काही अजून आहेत. वेको येथील मॅक्लेनन काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये १५ मे १९१६ रोजी जेसी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय तरुणाला निकाल लागताच जमावाने कोर्टरूममधून ओढून नेले आणि जाळून मारले. गोलियाडच्या उत्तरेकडील हिरवळीवरच्या ओकवृक्षाखाली १८४६ ते १८७० या काळात न्यायालय भरत असे आणि फाशीची अंमलबजावणीही तेथेच होई.

आमचा सल्ला असा की, असे पुतळे आणि फलक चौकटीतून वगळून इमारत ‘स्वच्छ’ करू नये. निदान नोंद म्हणून एक छायाचित्र घ्यावे, फलकावरील मजकूर आणि पुतळ्याचे साल यांसह.

१९. जुन्या माहितीत कोर्टहाउस जळाल्याचे लिहिले आहे. जाऊन उपयोग आहे का?

आहे, पण आधी काउंटीच्या कार्यालयात दूरध्वनी करावा. हिल्सबरोचे डॉडसन यांनी आखलेले १८९० चे कोर्टहाउस १ जानेवारी १९९३ रोजी जळाले. जवळच्याच अ‍ॅबट गावचे गायक विली नेल्सन यांनी निधीसाठी कार्यक्रम केले आणि १९९९ मध्ये इमारत पुन्हा उघडली. मेसनचे कोर्टहाउस फेब्रुवारी २०२१ मध्ये कोणी तरी लावलेल्या आगीत भस्म झाले. दगडी भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच आधारे ते पुन्हा बांधून काढण्यात आले. जीर्णोद्धार सुरू होणार म्हणून कार्यालये आधीच हलवली होती, त्यामुळे दप्तर वाचले. परांची बांधलेली इमारतही टाकाऊ मानू नये: दगड कसा बसवला आहे, जुना सांधा कोठे संपतो आणि नवा कोठे सुरू होतो, हे तेव्हाच दिसते.

२०. सगळी २५४ पाहायची आहेत. जमेल का?

जमते, अनेकांनी केले आहे. सर्वच इमारती जुन्या नाहीत, काही ठिकाणी १९५० नंतरच्या साध्या, कार्यालयासारख्या इमारती आहेत आणि काही काउंट्यांत जुने कोर्टहाउस संग्रहालय किंवा दुय्यम कार्यालय म्हणून वापरात असून खटले दुसरीकडे चालतात. अशा ठिकाणी दोन्ही इमारतींची नोंद करावी. जुन्या पोस्टकार्डांवरील चित्रे आधी मिळवून ठेवली तर त्याच कोनातून आजचे छायाचित्र घेता येते. पूर्वेकडील काउंट्या लहान आणि जवळजवळ असल्याने तेथे संख्या भराभर वाढते. पश्चिमेकडे एकेका मुख्यालयासाठी तास-दीड तास मोटार चालवावी लागते, आणि मेंटोनसारख्या लव्हिंग काउंटीच्या इवल्याशा मुख्यालयात १९३५ चे छोटेसे कोर्टहाउस भेटते. तिकडे निघताना इंधनाची टाकी आधीच्या मोठ्या गावात भरून घ्यावी.